आधी यादी, मग मतपेटी



"पक्षाचा नेता वरून नेमण्याऐवजी सर्व सभासदांनी मतदान करून निवडला, तर घराणेशाही आणि गटबाजी दोन्ही बंद होतील की नाही?" असा प्रश्न आमच्या एका वाचक ताईंनी पत्राने विचारला आहे. ताई महिलांचा बचत गट चालवतात. गटाची अध्यक्ष दरवर्षी मतदानाने निवडतात आणि भांडण होत नाही, असे त्यांनी लिहिले आहे. ताईंचे अभिनंदन! प्रश्न मात्र बचत गटाहून मोठा आहे. आपल्याकडच्या गटातटांविषयी मी येथे लिहिणार नाही. त्या विषयावर चहाच्या प्रत्येक टपरीवर रोज एक स्तंभ तोंडी प्रसिद्ध होत असतो.

मी पडलो कारकून, त्यातून वाणिज्य शाखेचा. ताळेबंद समोर आला की आधी कीर्द दाखवा, पावतीपुस्तक दाखवा, असे म्हणायची आम्हाला सवय. निवडणुकीचेही तसेच. निकालाचा आकडा सगळे पाहतात. मतदारयादी कोणी केली, सभासद व्हायची शेवटची तारीख कोणी ठरवली, वर्गणी किती ठेवली आणि मतपत्रिकेवरची नावे कोणी गाळून दिली, हे कोणी पाहत नाही. म्हणून आज विलायतेची गोष्ट सांगतो. तेथील मजूर पक्ष आणि हुजूर पक्ष या दोन्ही मोठ्या पक्षांनी सभासदांच्या मताने नेता निवडण्याचा प्रयोग पुष्कळ वर्षे केला आहे आणि त्याचे आकडे उघड आहेत.

पूर्वी तेथेही असे नव्हते. हुजूर पक्षाचा नेता १९६५ पर्यंत निवडलाच जात नसे. चार ज्येष्ठ पुढारी आपसात बोलत, आणि एक नाव बाहेर येई. १९६५ साली प्रथम त्यांच्या खासदारांनी मतदान केले आणि एडवर्ड हीथ नेते झाले. मजूर पक्षातही नेता निवडणे हे खासदारांचेच काम होते. १९८१ साली मजूर पक्षाने त्यात इतरांना वाटा दिला : कामगार संघटनांना ४० टक्के, खासदारांना ३० टक्के आणि मतदारसंघांतील स्थानिक शाखांना ३० टक्के. संघटनेच्या वाट्याची मते तिचे पुढारी गठ्ठ्याने टाकत. म्हणजे लाखो कामगारांच्या नावावर एक माणूस हात वर करणार! १९९३ साली जॉन स्मिथ नेते असताना हा गठ्ठा फुटला. एक सभासद, एक मत, असे तत्त्व आले आणि तिघांचे वाटे समान झाले.

पण वाटे समान झाले तरी माणसे समान झाली नाहीत. खासदार मूठभर, कामगार लाखो, आणि दोघांचा वाटा एक तृतीयांश. शिवाय एखादा खासदार पक्षाचा सभासद आणि संघटनेचाही सभासद असेल, तर त्याला तिन्ही ठिकाणी मत. २०१० साली डेव्हिड आणि एड मिलिबँड हे दोघे सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहिले. (त्यांच्या आईला काय वाटले असेल, हा प्रश्न आमच्या घरी पहिला निघाला.) थोरला खासदारांत पुढे, पक्षाच्या सभासदांतही पुढे. धाकटा कामगार संघटनांत पुढे. बेरीज केल्यावर धाकटा ५०.६५ टक्के आणि थोरला ४९.३५ टक्के. पक्षाच्या सभासदांची पसंती एकाला आणि खुर्ची दुसऱ्याला, असा तो निकाल. लबाडी कोणीच केली नव्हती. मोजायची पद्धतच तशी होती.

२०१४ साली पक्षाने वाटे काढून टाकले. आता खासदाराचे मत आणि चाळीत राहणाऱ्या सभासदाचे मत एकाच वजनाचे. मतदार होण्याचे तीन दरवाजे ठेवले. पहिला, पक्षाचा पूर्ण सभासद. दुसरा, संलग्न कामगार संघटनेचा सभासद, ज्याने स्वतःहून नाव नोंदवले आहे. तिसरा दरवाजा नवा होता : पक्षाच्या ध्येयधोरणांशी सहमत आहे असे लिहून द्यायचे, ३ पौंड भरायचे आणि मत मिळवायचे. उमेदवाराला मात्र एक अट राहिली. आपल्या पक्षाच्या १५ टक्के खासदारांच्या सूचक म्हणून सह्या हव्यात. २०१५ साली पक्षाचे खासदार २३२, म्हणजे सह्या हव्यात ३५.

जेरेमी कॉर्बिन हे तेव्हा मागच्या बाकावर तीस वर्षांपेक्षा अधिक काळ बसलेले खासदार. त्यांना ३५ सह्या मिळेनात. १५ जून २०१५ रोजी दुपारी बाराला मुदत संपणार होती. शेवटच्या काही मिनिटांत आकडा ३६ वर गेला. त्यातल्या कित्येक खासदारांनी उघड सांगितले होते की आम्ही यांना मत देणार नाही, पण चर्चेत सर्व विचार यावेत म्हणून सही देतो. या दोनचार सह्या नसत्या तर पुढचे काहीच घडले नसते, आणि लाखो सभासदांना कॉर्बिन हे नाव मतपत्रिकेवर दिसलेच नसते.

१२ सप्टेंबर २०१५ रोजी निकाल लागला. एकूण मते ४,२२,६६४. कॉर्बिन यांना २,५१,४१७, म्हणजे ५९.५ टक्के. ज्यांनी उपकार म्हणून सह्या दिल्या होत्या ते कपाळाला हात लावून बसले. लगेच एक ओरड सुरू झाली : ही ३ पौंडवाल्यांची करामत आहे, खरे सभासद असे करणार नाहीत! आपणच हिशेब मांडून पाहू. ३ पौंडवाल्यांची ८८,४४९ मते कॉर्बिनना पडली, त्या गटाच्या ८३.८ टक्के. संलग्न संघटनांतून ४१,२१७, म्हणजे ५७.६ टक्के. आणि पक्षाच्या पूर्ण सभासदांकडून १,२१,७५१, म्हणजे ४९.६ टक्के. उमेदवार चार होते, हे ध्यानात घ्या. निव्वळ पूर्ण सभासदांतसुद्धा ते दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या दुपटीपेक्षा पुढे होते. ३ पौंडवाले सगळे वगळले तरी पहिला क्रमांक त्यांचाच. गरिबाला स्वस्तात मत मिळाले की निकाल त्याच्यामुळेच बिघडला असे म्हणायची घाई सर्वत्र सारखीच असते. बेरीज तपासायची तसदी कोणी घेत नाही.

खरी गंमत पुढच्या वर्षी झाली, आणि कारकुनाच्या दृष्टीने तीच अधिक शिकवणारी आहे.

२३ जून २०१६ रोजी युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयी सार्वमत झाले. पाठोपाठ मजूर पक्षाच्या खासदारांनी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखवला. कॉर्बिन म्हणाले, मला सभासदांनी बसवले आहे, मी उठणार नाही. तेव्हा नवी निवडणूक आली. १२ जुलैला पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीची बैठक बसली. पहिला प्रश्न : बसलेल्या नेत्यालाही पुन्हा खासदारांच्या सह्या आणाव्या लागतील का? लागतील असे ठरले असते तर कॉर्बिन यांचे नाव मतपत्रिकेवर येणेच कठीण होते. १८ विरुद्ध १४ मतांनी ठरले की सह्या नकोत.

मग त्याच कार्यकारिणीने दोन गोष्टी ठरवल्या. एक, १२ जानेवारी २०१६ नंतर जे सभासद झाले त्यांना मत नाही. दोन, नोंदणीची फी ३ पौंडांवरून २५ पौंड, आणि नोंदणीला मुदत फक्त दोन दिवस.

बंधुभगिनींनो, या दोन ओळींचा अर्थ पाहा. १२ जानेवारीनंतर सभासद झालेली माणसे सुमारे १,३०,००० होती. त्यांनी वर्गणी भरली होती. नेता निवडण्यात तुम्हाला मत राहील असे पक्षाने भरतीच्या वेळी त्यांना सांगितले होते. जुलै महिन्यात एक बैठक होते आणि सहा महिने मागची तारीख टाकून त्यांचे मत जाते. सभासदत्व कायम, वर्गणी पक्षाच्या खात्यात जमा, मत तेवढे नाही. मत हवेच असेल तर दोन दिवसांत आणखी २५ पौंड भरा. म्हणजे पूर्ण सभासदाने पुन्हा पैसे भरून केवळ पाठीराखा म्हणून नाव नोंदवायचे! त्या दोन दिवसांत १,८०,००० हून अधिक अर्ज आले. २५ ने गुणा. ४५ लाख पौंडांपेक्षा जास्त रक्कम होते. अठ्ठेचाळीस तासांत इतकी वसुली आमच्या कचेरीतल्या कोणत्याही साहेबाला जमलेली नाही.

नव्या सभासदांपैकी पाच जण कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते : पक्षाची घटना हा पक्ष आणि सभासद यांच्यातला करार आहे, आणि करार एका बाजूने बदलता येत नाही. ८ ऑगस्टला हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १२ ऑगस्टला अपील कोर्टाने तो फिरवला. पक्षाच्या नियमपुस्तकानुसार निवडणुकीची कार्यपद्धती आणि मतदारांची गोठवण-तारीख ठरवण्याचा अधिकार कार्यकारिणीला आहे, मग ती तारीख मागची का असेना, असा त्याचा सारांश. चार दिवसांत सव्वा लाखावर माणसे मतदार झाली आणि पुन्हा बिनमताची झाली. सभासद होताना नियमपुस्तकाचे ते कलम कितीजणांनी वाचले असेल?

निकाल तरीही फिरला नाही. २४ सप्टेंबर २०१६ रोजी कॉर्बिन यांना ३,१३,२०९ आणि ओवेन स्मिथ यांना १,९३,२२९ मते पडली. कॉर्बिन ६१.८ टक्क्यांनी पुन्हा नेते. म्हणून काही जण म्हणतात, यादीच्या भानगडीने काय फरक पडला? या वेळी पडला नाही, एवढेच खरे. अंतर पाच-दहा हजारांचे असते तर? आणि ज्याचे मत गेले त्याच्या दृष्टीने निकाल काय लागला हा प्रश्न दुय्यम आहे. त्याचे मत गेले ते गेलेच.

मला हे परके वाटत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका कर्मचारी पतपेढीचा सभासद होतो. नाव घेत नाही. निवडणुकीची कच्ची यादी शनिवारी अर्धा दिवस भरल्यावर फलकावर लागली. हरकती घेण्याची शेवटची तारीख रविवार. सोमवारी सकाळी यादी पक्की! चतुर्थ श्रेणीतली बरीच नावे तीत नव्हती, कारण त्यांच्या भागाची पूर्ण रक्कम जमा नाही असा शेरा होता. ती रक्कम पगारातून कापून घेणे हे कचेरीचे काम होते, शिपायाचे किंवा सफाई कामगाराचे नव्हे. पण मत त्यांचे गेले. निवडणूक मोठ्या शांततेत पार पडली आणि गुप्त मतदान अगदी नियमाप्रमाणे झाले.

वर्गणीचा प्रश्न तर आपल्या समाजाला नवा नाहीच. ब्रिटिश अमदानीत मत कोणाला होते? ज्याच्याकडे मिळकत आहे, जो ठरावीक सारा किंवा कर भरतो, त्याला. ज्यांना मिळकतच करू दिली नाही त्यांना मत कुठून मिळणार? म्हणून १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणावी असे सांगितले आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर माणसाला मताची किंमत कळत नाही, असे तेव्हाचे शहाणे म्हणत. आज आपण मतदान केंद्रावर जातो तेव्हा कोणी पावती मागत नाही. पक्षाच्या दारात मात्र पावतीशिवाय आत घेत नाहीत. ३ पौंड आणि २५ पौंड यांत जे अंतर आहे ते तेथील मोलमजुरी करणाऱ्या बाईला विचारा.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी हिशेबात एकच रकाना भरला असे होईल. वर्गणी अगदी नाममात्र ठेवली की पुढारी ती स्वतः भरतो. एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात भरलेले दोनशे अर्ज एका पिशवीतून येतात. पावत्यांचे पुस्तक पुढाऱ्याच्या कपाटात आणि सभासदाला आपण सभासद आहोत याचा पत्ता नाही. युनियनमध्ये आणि मंडळांमध्ये काम केलेल्या प्रत्येकाने हे पाहिले आहे. तेव्हा स्वस्त वर्गणीने गरीब आत येतो तसा गठ्ठाही आत येतो. यावर माझे मत असे आहे की वर्गणी वाढवणे हा उपाय नव्हे. ज्याची पावती त्याच्याच हातात पडली का, एवढे तपासणे हा उपाय आहे. आणि तारीख. तारीख शर्यत सुरू होण्यापूर्वी ठरलेली असली पाहिजे. धावायला लागल्यावर रेषा मागे सरकवणे यात कसला खेळ?

मजूर पक्षाने पुढे काय केले? २०२० साली कीर स्टार्मर ५६.२ टक्के मतांनी नेते झाले. २०२१ साली पक्षाने नियम बदलले. फी भरून मत मिळवण्याचा तिसरा दरवाजा बंद केला आणि नेतेपदाच्या उमेदवाराला लागणाऱ्या खासदारांच्या सह्या पक्षाच्या एकूण खासदारांच्या २० टक्क्यांवर नेल्या. २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे ४११ खासदार आले. त्यांचा पाचवा हिस्सा म्हणजे ऐंशीच्या घरात. मतदान सभासदांचेच आहे, कोणाचेही मत काढलेले नाही. फक्त पुन्हा एखादे नको असलेले नाव शेवटच्या मिनिटाला आत येऊ नये, याची तजवीज झाली.

आता हुजूर पक्षाकडे वळू. तेथे १९९८ पासून दोन पायऱ्या आहेत. आधी खासदार मतदान करत करत दोनच नावे उरवतात. मग त्या दोघांतून सभासद एक निवडतात. म्हणजे जेवायचे तुम्ही, पण भाजी आम्ही दोनच करणार. २००१ साली खासदारांच्या शेवटच्या फेरीत क्लार्क ५९, डंकन स्मिथ ५४ आणि पोर्टिलो ५३. एका मताने पोर्टिलो गळले आणि सभासदांना त्यांचा विचारच करता आला नाही. सभासदांनी डंकन स्मिथ यांना निवडले. दोन वर्षांनी खासदारांनी त्यांना ९० विरुद्ध ७५ मतांनी काढून टाकले आणि मायकेल हॉवर्ड यांना बिनविरोध आणले. त्या वेळी सभासदांना विचारले नाही. २०२४ साली तर शेवटून दुसऱ्या फेरीत पहिला असलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी तिसरा होऊन बाहेर पडला. आकडे होते ४२, ४१ आणि ३७.

पक्ष विरोधात असताना नेता निवडला तर तो पक्षापुरता प्रश्न. सत्तेवर असताना निवडला की पंतप्रधान निवडला जातो. २०१९ साली बोरिस जॉन्सन यांना सभासदांची ९२,१५३ मते पडली आणि ते पंतप्रधान झाले. २०२२ साली जॉन्सन गेले. खासदारांच्या अखेरच्या फेरीत ऋषी सुनक १३७, लिझ ट्रस ११३ आणि पेनी मॉर्डंट १०५. सुनक आणि ट्रस ही दोन नावे सभासदांकडे गेली. मतदार सभासद १,७२,४३७. देशाची लोकसंख्या साडेसहा कोटींहून अधिक. ट्रस यांना ८१,३२६ आणि सुनक यांना ६०,३९९ मते पडली. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या नगरपालिकेच्या मतदारांइतक्या लोकांनी एका राष्ट्राचा पंतप्रधान ठरवला. सभासद कोण होते? वर्षाला २५ पौंड भरणारे आणि तीन महिन्यांची सभासदकी पूर्ण झालेले. परदेशी राहणाऱ्या सभासदालाही मत होते, तो ब्रिटनचा नागरिक असो वा नसो. पण त्या देशात रोज बस चालवणाऱ्या, पण पक्षाबाहेरच्या माणसाला नव्हते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ट्रस यांच्या अर्थमंत्र्याने कर्ज काढून करकपात जाहीर केली, तीन दिवसांत पौंड डॉलरपुढे नीचांकाला गेला आणि त्यांच्या मध्यवर्ती बँकेला रोखेबाजारात उतरावे लागले. २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. पंतप्रधानपद जेमतेम सात आठवडे. मग पक्षाने उमेदवारीसाठी १०० खासदारांच्या सह्यांची अट घातली. मैदानात एकटे सुनक उरले आणि २४ ऑक्टोबरला ते नेते झाले. सात आठवड्यांपूर्वी ज्यांना सभासदांनी नाकारले होते तेच. सभासदांच्या हातात या वेळी मतपत्रिका पडलीच नाही.

या प्रकरणावरून तेथील बरेच विद्वान म्हणू लागले की सामान्य सभासदांना नेता निवडता येत नाही, हे काम खासदारांवर सोडावे. मला हे पटत नाही. ट्रस यांचे नाव सभासदांपुढे कोणी ठेवले? खासदारांनीच. मॉर्डंट यांच्यापेक्षा आठ मते जास्त देऊन ठेवले. निवडीत चूक झाली असेल तर ती दोन्ही पायऱ्यांवर झाली. पण शिक्षा खालच्या पायरीला! वरचा माणूस चुकला तर तो अंदाज चुकला, आणि खालचा चुकला तर त्याला अक्कल नाही. ही भाषा आपण फार ऐकली आहे.

आपल्या देशात पक्षांना हे सर्व करायला भाग पाडणारा कायदा आहे का, असेही ताईंनी विचारले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून कलम २९-अ आहे. त्याखाली पक्षाची निवडणूक आयोगाकडे नोंदणी होते आणि पक्षाला आपली घटना सादर करावी लागते. अंतर्गत निवडणुका झाल्या का, हे आयोग विचारतो. पण घटना मोडली म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. तेव्हा कीर्द पाहायला मिळते, लेखापरीक्षण होत नाही.

राष्ट्रीय पक्षांत अध्यक्षपदासाठी उघड मतदान झाल्याची उदाहरणे काँग्रेसची सांगता येतील. पण तेथे सामान्य सभासद मत देत नाही, प्रदेश काँग्रेसचे प्रतिनिधी देतात. १९९७ साली आपल्या शरद पवारांनी ही निवडणूक लढवली. सीताराम केसरी ६,२२४, पवार ८८२, राजेश पायलट ३५४. २००० साली सोनिया गांधी ७,४४८ आणि जितेंद्र प्रसाद ९४. त्यानंतर २०२२ साली मल्लिकार्जुन खर्गे आणि शशी थरूर. हे प्रतिनिधी ब्लॉकमधून निवडून यावेत असे पक्षाची घटना म्हणते. प्रत्यक्षात कसे येतात, हे आपापल्या तालुक्यातल्या जुन्या कार्यकर्त्याला चहा पाजून विचारावे.

२०२२ ला पहिला वाद कशावरून झाला असेल? यादीवरूनच! थरूर आणि आणखी काही खासदारांनी पक्षाच्या निवडणूक प्रमुखांना पत्र लिहून मतदारयादी मागितली. मतदार कोण आहेत हे माहीत नसताना उमेदवाराने मते कोणाकडे मागायची, एवढेच त्यांचे म्हणणे. यादी पक्षाच्या कार्यालयात येऊन पाहता येईल असे उत्तर मिळाले. दुसरा वाद त्याहून बारीक आणि माझ्यासारख्याला फार आवडलेला. मतपत्रिकेवर पसंतीच्या नावापुढे '१' हा आकडा लिहावा अशी सूचना निघाली होती. मतपत्रिकेवर खर्गे यांचा अनुक्रमांकही एकच होता. थरूर यांच्या बाजूने हरकत घेतली गेली की यामुळे गोंधळ होईल. हरकत मान्य झाली आणि बरोबरची खूण करावी असे ठरले.

१७ ऑक्टोबर २०२२ रोजी मतदान झाले. कलबुर्गीकडचे, दलित समाजातून आलेले, युनियनच्या कामातून वर चढलेले खर्गे ७,८९७ मतांनी अध्यक्ष झाले. त्या बातमीचा आनंद आपल्या अनेक घरांत झाला आणि तो योग्यच होता. थरूर यांना १,०७२ मते मिळाली. ४१६ मते बाद ठरली. मतदार सगळे पक्षाचे निवडक प्रतिनिधी, उमेदवार दोन आणि करायची खूण एक, तरी ४१६ बाद! इतकी तर आमच्या पतपेढीतही होत नाहीत. पण बाद मतांची कहाणी मोठी आहे, ती पुढील अंकी.